फ्लॉपीतला घोडा

आमच्या इथल्या सगळ्यात मोठ्या शिक्षणसंस्थेच्या फाटकात तीन पायांचा घोडा उभा आहे. उभा कसला, उभा करून ठेवलाय. धावत्या घोड्याचा पुढचा एक पाय मुळापासून गायब, त्यामुळे बसवताना तो दोनदा तोंडावर आपटला. शेवटी पोटाखाली लोखंडी पाइप दिला आणि पाइपला सोनेरी रंग फासला. नव्या मुलांना पहिल्या दिवशी त्याच्यासमोर रांगेत उभं करून सांगतात, हा प्रगतीचा घोडा. याचा चौथा पाय दिसत नाही, कारण तो आधीच भविष्यात पडलेला आहे. मुलं माना डोलावतात. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी 'माझा चौथा पाय' हा विषय असतो, आणि ढाल जिंकणारा मुलगा आपल्याला दोनच पाय आहेत हे पार विसरून बोलतो.

पाय भविष्यात वगैरे कुठे पडलेला नव्हता. तो आमच्या घरी एका फ्लॉपीत अडकला होता. संस्थेच्या स्मरणिकेत हे कुणी छापणार नाही, म्हणून मी सांगतो.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत भरतकामाचं मशीन आहे, पलंगाएवढं. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ते एका बंद पडलेल्या कारखान्यातून उचलून आणलं, हात मागे बांधून त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या आणि मग तो दुसऱ्या धंद्याचा विचार करायला लागला. दादाचा मूळ धंदा विचार करणं हाच आहे. मशीन चालवायला शिकली ती वहिनी. लग्न होऊन आल्यापासून ती स्वयंपाकघरात होती. मधलं दार ओलांडून ती पुढच्या खोलीत आली ती ह्या मशीनमुळे. इथे तिला खुर्ची आहे. इथे रस्त्याचा उजेड येतो, लोक दारात थांबून 'येऊ का' असं विचारतात, आणि तिला 'नंतर या' म्हणता येतं. ओट्यापुढे उभ्या बाईला 'नंतर या' म्हणायची सोय नसते.

खोली मात्र आप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या नावावर. ती मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यावी असं त्यांच्या फार मनात. सुनेने पुढच्या खोलीत बसावं हे त्यांना कधी पचलंच नाही. त्यांनी सगळ्यांसमोर वहिनीला सांगून टाकलं होतं, की संस्थेच्या ब्लेझरचं काम आहे तोवर मशीन राहील. ते काम गेलं की मशीन भंगारात आणि तू आत. 'आत' म्हणताना त्यांनी अंगठा खांद्यावरून मागे, स्वयंपाकघराकडे केला होता. मी दीर. धागे कापणं, गठ्ठे पोचवणं आणि दादाला बोलणं ही माझी कामं.

आता ती फ्लॉपी. हे मशीन ज्या काळातलं, त्या काळात डिझाइन फ्लॉपीवर यायचं. तळहाताएवढी चपटी प्लास्टिकची डबी, आत काळी पातळ चकती. ह्या डब्या दिसायला सारख्या पण दोन जातींच्या. एकीच्या कोपऱ्यात एक भोक, दुसरीला दोन. आमच्या मशीनला एका भोकाचीच लागते, आणि बाजारातून आधी नाहीशी झाली ती नेमकी तीच. मग धंद्यातल्या लोकांनी तोड काढली. दोन भोकांची घ्यायची, एका भोकावर चिकटपट्टी लावायची आणि द्यायची मशीनच्या तोंडात. मशीन फक्त भोक बघतं. आतली चकती कुठली, हे तपासायची त्याला बुद्धी नाही. भोक बुजलेलं दिसलं की बसला विश्वास. ह्या बाबतीत ते मशीन आणि ती संस्था यांत मला काडीचा फरक दिसत नाही.

संस्था सुरू झाली तेव्हा तिथल्या ड्रॉइंगच्या सरांनी बोधचिन्ह काढलं होतं. गोल पट्टा, त्यात नाव, मधोमध धावता घोडा. चांगला चार पायांचा. सरांचा हात छान होता, त्यांनी खुरांवरचे केससुद्धा काढले होते. ते चित्र टाक्यांत उतरवून देणाऱ्या माणसाने दादाला कोरी फ्लॉपी आणायला सांगितली. दादा दोन भोकांची घेऊन गेला, रस्त्यातच चिकटपट्टी लावून. असल्या फ्लॉपीवर लिहिलेलं नीट धरत नाही, कुठे कुठे पुसट होतं. आमच्या फ्लॉपीवर पुसट झाला तो शेवटचा तुकडा. मशीनने पट्टा शिवला, अक्षरं शिवली, आयाळ, धड, शेपूट, तीन पाय शिवले आणि चौथ्या पायाशी येऊन ते केकाटलं. वहिनीने 'पुढे चालू'चं बटण दाबलं. मशीनला वाटलं, झालं काम. ते थांबलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, दर वेळी तेच.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं आणि टाके उतरवणारा माणूस दुकान बंद करून लग्नाला गेला होता. दादाने बराच विचार करून सांगितलं, की खिशाला तिथेच घडी पडते, पाय कोण मोजतंय.

पाहुण्यांनी मोजले. व्यासपीठावर त्यांनी शेजारच्या अध्यक्षांच्या खिशाकडे वाकून पाहिलं आणि विचारलं, घोडा लंगडा आहे का, आणि माइक चालू होता. अध्यक्षांनी मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं. त्यांनाही तेव्हाच कळलं. पण हा माणूस जन्मात कधी 'मला माहीत नाही' असं म्हणालेला नाही. उलट काही माहीत नसलं की त्याचा गळा जास्त दाटून येतो. ते उठले आणि भविष्यात पडलेल्या पायावर बोलले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसायला लागल्या. झालं. त्या दिवशी घोड्याचा पाय कायमचा गेला.

पुढे ब्लेझरवरचं चिन्ह बघूनच छापील कागद तयार झाले, मग प्रमाणपत्रं, मग झेंडा, मग तो पुतळा. ड्रॉइंगच्या सरांना 'प्रतीकमहर्षी' अशी पदवी दिली आणि निवृत्त झाल्यावरही कलासल्लागार म्हणून एक खोली, एक पंखा आणि दाराबाहेर नावाची पाटी ठेवली. सरांनी घोड्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. पंखा चांगला फिरत असला की माणसाला कशाचीच आठवण होत नाही.

वहिनी वर्षानुवर्षं तीच फ्लॉपी मशीनमध्ये घालत राहिली. चौथ्या पायाशी मशीन केकाटायचं, ती बटण दाबायची, पुढचा ब्लेझर. रेडिओवर गाणं संपल्यावर माणूस आवाज कमी करतो तितक्या सहज.

ह्या वर्षी संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. सगळ्यांना नवे ब्लेझर, अगदी शिपायांपासून विश्वस्तांच्या नातवंडांपर्यंत. कापडाचे गठ्ठे येऊन पडले, वहिनीने फ्लॉपी आत सरकवली आणि मशीनने ती वाचायलाच नकार दिला. तीन पाय सोडा, पट्टासुद्धा नाही. टाके उतरवणारा माणूस धंदा बंद करून कुठल्या कुठे गेलेला. दादा विचार करायला बसला. आप्पांनी मात्र वेळ दवडला नाही. मोबाइलवाला फीत घेऊन हजर झाला आणि खोली मोजायला लागला. वहिनी मशीनशी खुर्चीवर बसलेली, तर तो तिला म्हणतो, ताई, जरा पाय बाजूला घ्या, इथे काच येणार. तिने पाय घेतला. पण त्या संध्याकाळी ती फ्लॉपी पदराखाली घेऊन बाहेर पडली आणि मला म्हणाली, चल.

विचारत विचारत आम्ही बाजारामागच्या गल्लीत एका जिन्याखाली पोचलो. तिथल्या माणसाला लोक फ्लॉपीवालाच म्हणतात. त्याच्याभोवती काय काय पडलं होतं. ऑर्केस्ट्रावाल्याचा कीबोर्ड, ज्याचे सगळे ताल फ्लॉपीत. मोजे विणायचं मशीन. लोखंड कातणाऱ्या लेथला हुकूम देणारी पेटी. कुठल्याशा दवाखान्यातलं, माणसाच्या छातीचे ठोके लिहून ठेवणारं यंत्र. जग कुठल्या कुठे गेलं म्हणून बोंबलणारी माणसं असल्याच यंत्रांवर बनलेले मोजे घालून बोंबलत असतात. फ्लॉपीवाला स्वतः सगळ्यात जुन्या जातीच्या, ताटाएवढ्या फ्लॉपीने वारा घेत होता, आणि त्यानंतरची वाकणारी जात त्याने चहाच्या कपाखाली ठेवली होती. माणूस महागर्विष्ठ. आपल्यासारखा कारागीर पुन्हा होणे नाही, हे त्याने आम्ही काही विचारायच्या आत सांगून घेतलं.

मग त्याने आमची फ्लॉपी हातात घेतली आणि त्याचं तोंड कडू झालं.

"ही पट्टी कुणी लावली?"

"आमच्या ह्यांनी," वहिनी म्हणाली.

"ह्यांना सांगा, भोक बुजवून आतली चकती बदलत नाही."

वहिनी म्हणाली, ह्यांना पुष्कळ सांगून झालंय, तुम्ही घोडा निघतो का तेवढं बघा. तो फ्लॉपी वाचणारे ड्राइव्ह एकामागून एक काढत गेला. एका ड्राइव्हने फ्लॉपी थुंकली, दुसऱ्याने खरवडली, तिसरा नुसताच घरघरला. प्रत्येक वेळी तो स्वतःची स्तुती करून पुढचा घ्यायचा. शेवटी मोज्यांच्या मशीनमधून काढलेल्या एका काळ्याकुट्ट ड्राइव्हने ती वाचली. पुसट जागा त्याने पुन्हा पुन्हा वाचून घेतली, तिथलं अक्षर न् अक्षर मिळेपर्यंत. मग घरी येऊन त्याने मशीनच्या फ्लॉपीच्या खाचेत एक छोटी पेटी बसवली आणि तिला पेनड्राइव्ह लावला. मशीनला तो फ्लॉपीच वाटतो, म्हणाला. म्हणजे आम्ही मशीनला पुन्हा फसवलंच, फक्त ह्या वेळी धडपणे.

पहिला ब्लेझर चढवला. पट्टा, अक्षरं, आयाळ, धड, शेपूट. एक पाय, दुसरा, तिसरा. वहिनीचं बोट सवयीने बटणाकडे गेलं. मशीन केकाटलं नाही. सुई सरकली, जिथे इतकी वर्षं नुसतं कापड होतं तिथे गेली आणि खांद्यापासून खाली उतरायला लागली. गुडघा आला. नळी आली. खूर आलं. खुरावरचे केस आले. आम्ही दोघं बघतच राहिलो.

"बाई गं," वहिनी म्हणाली, "इतकी वर्षं लंगड्याला पळवत होते मी."

तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. संस्थेला केवढा आनंद होईल, असं ती म्हणाली. मलाही तेच वाटलं. दादा एकटाच दारातून म्हणाला, की आधी संस्थेत विचारून घ्या. त्याने आयुष्यात केलेला हा एकच उपयोगी विचार, आणि तो दादाचा असल्यामुळे आम्ही तो कानाआड केला. झाडून सगळे ब्लेझर चार पायांचे केले, इस्त्री मारली आणि मी ते पोचवून आलो.

आठवड्याच्या आत बोलावणं आलं. सभागृहातल्या लांब टेबलाभोवती विश्वस्त बसलेले, प्रत्येकापुढे एकेक ब्लेझर उताणा, पोस्टमॉर्टेमला ठेवल्यासारखा. ड्रॉइंगचे सर खिडकीशी. आम्हाला बसायला कुणी सांगितलं नाही.

"बाई, हा घोडा कुणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"संस्थेचाच, साहेब."

"आमचा घोडा असा नाही. चार पायांचे घोडे टांग्याला जुंपतात."

मग जो तो बोलायला लागला. कुणी म्हणालं हा संस्थेच्या तत्त्वज्ञानावर घाला आहे. कुणी म्हणालं मुलांना काय सांगायचं, भविष्य परत आलं म्हणून? कोपऱ्यातल्या एका विश्वस्ताने तर गंभीरपणे विचारलं, की ह्या पायामागे कुणाचा हात आहे, आणि त्यावर एकालाही हसू आलं नाही. माझं डोकं फिरलं. मी खिशातून फ्लॉपी काढून टेबलावर आपटली आणि सगळं सांगितलं. चिकटपट्टी, पुसट जागा, केकाटणं, सगळं. पाय पहिल्यापासून यात होता, म्हणालो, आणि यात आहे तो तुमच्याच सरांनी काढलेला आहे.

अध्यक्षांनी फ्लॉपी उचलली. उलटीसुलटी केली. ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटून पाहिली. कानाशी नेऊन हलवली.

"यात घोडा आहे?"

"आहे."

"मला तर दिसत नाही," ते म्हणाले, आणि आता मात्र सगळे विश्वस्त हसले.

मी सरांकडे वळलो. म्हटलं, सर, तुम्हीच सांगा, तुम्ही किती पाय काढले होते? सरांनी वहिनीकडे पाहिलं. फ्लॉपीकडे पाहिलं. मग वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं, आणि तिथेच बघत राहिले.

"तीन," सर म्हणाले.

"आणि खुरांवरचे केस?"

"तिन्ही खुरांवरचे."

त्या खोलीत शिकलेली माणसं किती होती ते मला माहीत नाही. एकानेही मान वर केली नाही. अध्यक्षांनी फ्लॉपी माझ्याकडे सरकवली आणि कारकुनाला सांगितलं, की मुख्य रस्त्यावर एक नवा कॉम्प्युटर भरतकामवाला आलाय, त्याला निरोप द्या, हे काम पुढे त्याला जाईल. मी तोंड उघडलं. मला त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची अक्कल काढायची होती. तेवढ्यात वहिनीची टाच माझ्या पंजावर आली आणि तिथेच राहिली, चांगला भार देऊन.

"चूक आमची आहे, साहेब," ती म्हणाली. "पाय जास्तीचा पडला."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

ती म्हणाली, तुम्ही कॉम्प्युटरवाल्याला द्या, आमचं काही म्हणणं नाही. पण त्याचं मशीन नवं आहे, शहाणं आहे. नव्या मशीनला घोडा म्हटलं की ते चार पाय काढतं. आमचंच बघा, जरा दुरुस्त केलं तर लगेच चारवर गेलं. तीन पायांवर थांबवायला समोर माणूस उभा लागतो, सवयीचा. त्याच्याकडे तो नाही. तुम्हाला कळेल तेव्हा ब्लेझर वाटून झालेले असतील आणि पाहुणे व्यासपीठावर बसलेले असतील.

अध्यक्षांना पाहुणे म्हटल्यावर काय आठवलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी विचारलं, तुम्ही थांबवाल?

"थांबवीन. पण मला लिहून द्या. घोडा तीन पायांचा आहे तोवर काम माझ्याकडे. माझ्या नावाने, ह्यांच्या नाही."

"घोडा कायम तीन पायांचाच राहणार आहे," अध्यक्ष म्हणाले, गळा दाटून.

"मग तसंच लिहा. कायम."

कारकुनाने लिहिलं. अध्यक्षांनी सही केली. कोपऱ्यातल्या विश्वस्ताने वहिनीच्या निष्ठेबद्दल चार शब्द काढले आणि तिच्यासाठी पहिल्यांदाच खुर्ची मागवली. तिने कागदाची घडी केली आणि निघाली. खुर्ची येईपर्यंत थांबली नाही.

घरी आप्पांनी तो कागद चष्मा लावून वाचला, चष्मा काढून वाचला. 'कायम' ह्या शब्दावर बोट ठेवून पुन्हा एकदा वाचला. मग खोली मिळणार नाही असं मोबाइलवाल्याला फोनवर सांगायला ते आत गेले.

ब्लेझर परत आले आणि आम्ही पाय उसवायला बसलो. उसवण्यात एक वाईट गोष्ट असते. धागा निघतो, भोकं राहतात. उजेडापुढे धरला की तिथे पाय दिसायचाच, बारीक ठिपक्यांचा, खुरासकट. वहिनी वाफेची इस्त्री फिरवून नखाने भोकं घासायची. दादा म्हणाला, ह्याचाही काहीतरी अर्थ लावतील ते.

माझा राग उतरत नव्हता. एकदा मी कात्री खाली ठेवली आणि तिला म्हणालो, की तू तिथे खोटं बोललीस. त्या सगळ्या भामट्यांच्या रांगेत जाऊन बसलीस. त्या सरांत आणि तुझ्यात मग फरक काय राहिला? मी तर वर्तमानपत्रात देणार आहे हे सगळं, फ्लॉपीच्या फोटोसकट.

तिने ब्लेझर मांडीवरून काढला नाही. उसवता उसवताच बोलली.

"दे की. तुझं खरं बोलून झालं की तू जेवायला बसतोस. मी वाढायला उठते."

मी कात्री पुन्हा उचलली.

ती उठली. शिपायांसाठी वाढवून मागितलेले ब्लेझर राहिले होते, त्यातला पहिला तिने फ्रेममध्ये ताणून बसवला आणि मशीन सुरू केलं. पट्टा झाला, अक्षरं झाली. ती खुर्चीवर टेकली नाही, उभीच राहिली, बोट मशीन थांबवायच्या लाल बटणावर, नजर सुईवर. फ्लॉपी बिचारी हे काम आपोआप करायची. आता त्याला एक अख्खी जिवंत बाई लागते. तिसऱ्या पायाचं खूर भरत आलं. सुई उचलली गेली, मोकळ्या कापडावर सरकली, आणि खाली यायच्या आत वहिनीने बटण दाबलं.

"धागा काप," ती म्हणाली.

मी कापला.